दोन कुलुपांच्या घरातली मावशी

माझी मावशी सहा वर्षांत एकदाही आमच्याकडे मुक्कामाला राहिली नाही. आमचं घर तिच्यापासून बसने तासाभरावर. ती सकाळी यायची, एक डोळा घड्याळावर ठेवून जेवायची आणि काका कामावरून परतायच्या आत पळायची. कारण सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. तिच्याशिवाय तिच्या घराचं दार उघडत नसे.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, किल्ल्या बनवतात. बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, दोन कानशी आणि भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, मी त्याला दादा म्हणते, तोही याच धंद्यात शिरला, पण पलीकडच्या बाजूने. आकडे दाबून उघडणारी कुलपं बसवणाऱ्या कंपनीत तो लागला. पहिला पगार झाल्यावर घरच्यांना चकित करावं म्हणून त्याने स्वतःच्याच दाराला तसलं कुलूप बसवलं. संध्याकाळी काका आले, त्यांनी खिशातून किल्ली काढली, आणि ती घालायला भोकच सापडेना.

"आयुष्यभर लोकांची दारं उघडली," काका म्हणाले, "आणि आता माझंच दार मला नंबर विचारणार?"

दादा म्हणाला, "बाबा, तुमच्या किल्ल्या आता विचारतो कोण?"

भांडण एवढंच. दुसऱ्या दिवशी काकांनी आकडेवाल्या कुलपाच्या वर, वीतभर अंतरावर, स्वतःच्या हातचं भक्कम कुलूप बसवलं. दार ओढलं की दोन्ही कुलपं आपोआप लागायची. दादाने नंबर सांगितला नाही, काकांनी विचारला नाही. काकांनी किल्ली दिली नाही, दादाने मागितली नाही. दोघांनी एकमेकांशी बोलणंही टाकलं. किल्ली आणि नंबर दोन्ही फक्त मावशीकडे.

एकदा मावशी दातांच्या डॉक्टरांकडे अडकली. मी तिला सोडायला आले तर काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले आणि दादा वरच्या. एकाच्या खिशात किल्ली, दुसऱ्याच्या डोक्यात नंबर. उठून दोघांनी आपापलं कुलूप उघडलं असतं तर आत जाऊन पंख्याखाली बसता आलं असतं. पण मग एकमेकांच्या उपकाराने घरात शिरल्यासारखं झालं असतं ना. शेजारच्या नर्सबाई भाजीची पिशवी सांभाळत दोघांना ओलांडून वर गेल्या, त्यांना या दृश्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मी मावशीला म्हटलं, "एक कुलूप काढून टाक की."

"कुठलं काढू? यांचं काढलं तर तो जिंकला. त्याचं काढलं तर हे जिंकले."

"मग दोन्ही काढ."

"मग दोघं मिळून माझ्याशी बोलायचं बंद करतील," मावशी म्हणाली आणि बधिर झालेला गाल धरून तिने आधी नंबर दाबला, मग किल्ली फिरवली.

घरात दोनच खोल्या. तिघंही सदान्‌कदा समोरासमोर. तरी काका मावशीकडे बघून म्हणायचे, "त्या शहाण्याला सांग, पंखा बंद कर. वीज काय याच्या बापाची आहे?" वीज बापाचीच होती, बिल काकाच भरायचे, पण ते जाऊ दे. हाताच्या अंतरावर बसलेल्या दादाला शब्दन्‌शब्द ऐकू गेलेला असायचा. तरी तो मावशीच्या तोंडाकडे बघत थांबायचा. मावशी सांगायची, "बाबांना गारठा लागतोय रे." मग दादा म्हणायचा, "त्यांना सांग, गारठा लागत असेल तर डोकं झाकून बसा, तिथे तसंही काही उरलेलं नाही." मावशी काकांना सांगायची, "तो म्हणतो, शाल देऊ का?"

लग्नाआधी मावशी एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होती. साहेब लोकांची भांडणं तारेतून जोडून द्यायची आणि आपण त्या गावचे नसल्यासारखं बसायचं, हे ती तिथे शिकली. पण तिथे निदान पाच वाजता सुट्टी व्हायची. इथे ती आंघोळीला गेली तरी बाहेरून हाक यायची, "अगं, त्याला सांग." मला या दोघांचा असा संताप यायचा की दोन्ही कुलपं त्यांच्या गळ्यात बांधावीत. मावशीला मात्र संताप करायलाही फुरसत नव्हती.

अशात माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं, तारीख दोन-अडीच महिन्यांनंतरची. पोटातली गाठ काढायची होती, डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, म्हणून आईला जास्तच काळजी लागली. आम्ही दोघीच घरात. "तू आहेस गं," आई मला म्हणाली, "पण मला भीती वाटते. ती असली की मला बरं वाटेल. लहानपणी दात पाडायचा असला तरी मी तिचा हात धरायची." मी मावशीला फोन केला. तिने आधी ऑपरेशन कधी, कुठे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "आठ दिवस दार कोण उघडेल?"

मार्ग सुचवला नर्सबाईंनी. विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाने शहरात एक केंद्र उघडलं होतं. घरातल्या माणसांचं आपसात पटत नसेल तर तिथून समाजसेविका घरी येते, सगळ्यांना समोर बसवते, बोलतं करते, आणि पैसे पडत नाहीत, कारण त्यावर तिथल्या एका सरांचं संशोधन चालू आहे. मावशी दुसऱ्याच दिवशी मला घेऊन तिथे गेली.

सर पन्नाशीचे, अत्यंत सभ्य. त्यांनी मावशीची हकीकत ऐकली, दोन कुलुपांपाशी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुमचं घर आम्हाला फार उपयोगी आहे." मावशीला बिचारीला वाटलं, कामच झालं. मग सरांनी समजावलं. संशोधनात निम्म्या घरांना मदत करायची आणि निम्म्यांना करायची नाही. नाहीतर मदतीने फरक पडला की घर आपोआप सुधारलं, हे कळणार कसं? कोणतं घर कुठल्या बाजूला, ते चिठ्ठी काढून ठरतं. त्यांनी चिठ्ठी काढली. मावशीचं घर मदत न करायच्या बाजूला निघालं.

"म्हणजे आमच्याकडे कोणी येणार नाही?" मावशीने विचारलं.

"येणार तर. दर गुरुवारी संध्याकाळी एक निरीक्षक येतील. त्या फक्त बघतील. बोलणार नाहीत, मान हलवणार नाहीत, सल्ला देणार नाहीत. त्या तिथे नाहीतच असं समजून तुम्ही वागायचं."

"आणि मदत?"

"मदत झाली तर सगळा अभ्यास वाया जाईल," सर काळजीच्या सुरात म्हणाले.

मी मावशीला कोपराने ढोसत होते की चल, उठ. पण मावशीने सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "येणार तर आहे ना कोणीतरी. बघितल्यावर माणूस गप्प थोडाच बसेल."

ती बाई खरंच गप्प बसली. पीएचडी करणारी तिशीची मुलगी होती ती, पण घरात सगळे तिला बाईच म्हणायला लागले. स्वतःचं घडीचं स्टूल आणायची, म्हणजे घरच्यांच्या बसायच्या जागा बदलायला नकोत. पाण्याची बाटलीही स्वतःची. दोन्ही खोल्या दिसतील अशा बेताने ती उंबऱ्याजवळ स्टूल मांडायची आणि मांडीवरच्या कागदांवर लिहायची. पहिल्या गुरुवारी मावशीने घर घासूनपुसून लख्ख केलं, पडदे धुतले. आणि परक्या माणसासमोर शोभा नको म्हणून काका आणि दादा दोघंही मूग गिळून बसले. तासभर घरात घड्याळ तेवढं वाजत होतं. बाई निघून गेल्यावर मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "एरवी तोंडाचा पट्टा चालू, आणि आजच कशी जीभ टाळ्याला चिकटली यांची?"

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मोरीचा नळ तुटला. मावशी आत नळाच्या तोंडावर फडकं दाबून उभी होती, पाण्याच्या आवाजात तिला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. काकांना चष्मा सापडेना. चष्मा दादाच्या कोपराजवळ, वर्तमानपत्राखाली होता, त्याची काडी दिसत होती. काकांनी दोनदा हाका मारल्या, मावशी काही आली नाही. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि स्टुलावरच्या बाईला म्हणाले, "त्याला सांगा, माझा चष्मा दे म्हणावं."

बाई नियमाप्रमाणे बोलली नाही. तिने मानही हलवली नाही.

दादाने सवयीने मोरीकडे बघितलं. सांगणार कोणी नव्हतं, आणि ऐकू तर आलेलंच होतं. तो बाईला म्हणाला, "त्यांना सांगा, वर्तमानपत्राखाली आहे. स्वतःच ठेवतात आणि मग शोधत फिरतात."

"त्याला सांगा, ठेवला होता मी, पण वरचं वर्तमानपत्र त्याचं होतं."

"त्यांना सांगा, वर्गणी मी भरतो पण कोडं तेच सोडवतात."

"चुकीचं सोडवतो का, विचारा."

मावशी ओल्या कपड्यांनी दारात आली तेव्हा हे चाललं होतं. सांगायला म्हणून तिने सवयीने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की कोणी तिच्याकडे बघतच नाहीये. दोघंही बाईकडे तोंड करून बोलत होते. दादाने चष्मा बाईच्या दिशेने पुढे केला, काकांनी तो मधल्यामध्ये घेतला. मावशी हळूच पलंगाच्या कडेला बसली. मला तिने नंतर सांगितलं की चार माणसं बोलत असताना आपण नुसतं बसायचं, हे तिला इतक्या वर्षांत विसरायला झालं होतं.

त्यानंतर गुरुवार म्हणजे मावशीचा सुट्टीचा वार झाला. ती केस धुवायची. ते वाळेपर्यंत खिडकीत बसायची. काका बाईला गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचे. एक माणूस तिजोरीची किल्ली हरवली म्हणून रडत आला, काकांनी दोन तास खपून तिजोरी उघडली, तर किल्ली आतच. दादा बाईकडे बघून पोट धरून हसायचा आणि मग बाईला सांगायचा की आकडेवाल्या कुलपांची गिऱ्हाइकंही तशीच, नंबर विसरू नये म्हणून दारावरच लिहून ठेवतात. मग काका बाईकडे बघून हसायचे. बाईची मात्र दशा व्हायची. हसू दाबून तिचे कान लाल व्हायचे, एकदा तर तिने पेन दातात धरलं. मी तिथे गेले असताना हे बघितलं आणि मला तिची दया आली.

शुक्रवार ते बुधवार मात्र पुन्हा ये रे माझ्या मागल्या. "अगं, त्याला सांग." "आई, त्यांना सांग." तरी मावशीला आशा वाटत होती. "गुरुवारी शिकतायत दोघं," ती मला फोनवर म्हणायची. "आणखी थोडे गुरुवार मिळू देत. एकदा बाईने खरंच बोलायचं नसतं हे त्यांच्या डोक्यात शिरलं, की स्टूल काढलं तरी चालेल. तुझ्या आईला सांग, मी येतेय."

आणि केंद्रातून बोलावणं आलं.

सरांच्या टेबलावर एक आलेख होता. ठिपकेच ठिपके. बहुतेक ठिपके खाली गर्दी करून होते, एक वर टोकाला, एकटाच. "हे तुमचं घर," सर त्या वरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले. त्यांचा चेहरा एखाद्याला वाईट बातमी सांगावी तसा होता. "खाली आहेत ती आम्ही मदत केलेली घरं. वर्षभर समाजसेविका राबतायत तिथे. आणि तुम्ही मदत न घेता एवढं सुधारलात. हे बसत नाही."

मावशी खूश झाली. "म्हणजे चांगलंच की."

"चांगलं आहे हो. पण तुमच्या घरात नेमकं झालं काय?"

"काही नाही. बाई येतात, गप्प बसतात."

"गप्प बसणं म्हणजे मदत नव्हे."

"आमच्याकडे आहे," मावशी म्हणाली. "आमच्याकडे गप्प बसणारं माणूसच नव्हतं."

सरांनी हे लिहून घेतलं आणि मग खोडलं. अभ्यासात अशा घराला अपवाद म्हणतात आणि अपवाद वगळतात, असं त्यांनी सांगितलं. बाई आता एकदाच येतील, शेवटच्या मुलाखतीला. मग पुढच्या गुरुवारपासून नाही.

मावशीचा चेहरा उतरला. ती टेबलावर वाकून म्हणाली, "सर, आम्ही बिघडतो."

"काय?"

"तुमच्या त्या खालच्या ठिपक्यांइतके बिघडतो. जमेल आम्हाला, सवय आहे. पण बाईंना काढू नका. माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे हो, मला घर सोडून जायचंय."

"ठरवून बिघडलेलं चालत नाही," सर खरोखर कळवळून म्हणाले. "ते आपोआप व्हावं लागतं." मावशीची अडचण त्यांना कळली होती, असं मला अजून वाटतं. पण ती त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, म्हणून त्यांनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं आणि जपून जा म्हणून सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

शेवटचा गुरुवार ऑपरेशनच्या चार दिवस आधी आला. मी मुद्दाम गेले होते, मावशीला घेऊनच परतायचं ठरवून. मावशीने बॅग भरून कपाटामागे ठेवली होती, पण कोणाला सांगितलं नव्हतं. बाई आली. आज मुलाखत म्हणून तिला बोलायला परवानगी होती, आणि तिने तोंड उघडलं तेव्हा आम्ही सगळे दचकलो. एवढ्याशा पोरीचा आवाज चांगला भरदार होता.

तिने काकांना विचारलं, तुमच्या घरातल्या बोलण्याचालण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. काका म्हणाले, आमच्याकडे तसा काही त्रास नाही. दादाला विचारलं. तो म्हणाला, त्रास नाही, फक्त काही लोक जुन्या काळात राहतात. मग ती मावशीकडे वळली.

"आता तुम्ही. तुम्हाला काय वाटतं?"

मावशी सावरून बसली. "यांचं म्हणणं असं की..."

"त्यांचं लिहून झालं. तुमचं सांगा."

"मुलाचं म्हणाल तर तो मनाने..."

"त्याचंही झालं. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

मावशीने काकांकडे बघितलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे. हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मला एकदम रडू यायला लागलं आणि मी ते आवरलं नाही.

"माझ्या बहिणीचं सोमवारी ऑपरेशन आहे," मावशी शेवटी म्हणाली. "मला तिच्याकडे जायचंय. आठ दिवस राहायचंय. पण ते सांगायचं कसं, मला कळत नाही. यांचं त्याला मी सांगते, त्याचं यांना मी सांगते. माझं यांना कोण सांगणार?"

बाईचं पेन थांबलं. काकांनी घसा खाकरला आणि सवयीने स्टुलाकडे वळून म्हणाले, "बाई, तिला सांगा..."

"मी सांगायला आलेली नाही," बाई म्हणाली. "कधीच नव्हते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग उरला एकच माणूस.

"अरे, सांग तिला," काका दादाला म्हणाले, "जा म्हणावं. रडवेली कशाला होतेस म्हणावं."

"मी कशाला सांगू?" दादा म्हणाला. "बायको तुमची आहे."

"आई तुझी नाही?"

"तिला अडकवून कोणी ठेवलंय? दुसरं कुलूप कोणी ठोकलं?"

"आणि पहिलं कोणी ठोकलं? बापाला विचारलंस? एका शब्दाने?"

"चकित करायचं होतं तुम्हाला!"

"झालो की! सहा वर्षं चकितच आहे!"

आपण एकमेकांशी बोलतोय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आवाज चढले. चष्मा निघाला, वर्तमानपत्र निघालं, पहिला पगार निघाला, दातांच्या डॉक्टरांच्या दिवशीची पायरी निघाली. बाई आधी भराभर लिहीत होती, मग तिने पेनाला टोपण लावलं आणि स्टुलाची घडी घातली. मावशी उठली. तिने कपाटामागून बॅग काढली, चपला घातल्या. मी दार उघडलं, आणि आम्ही तिघी बाहेर पडल्यावर ते आपल्या वजनाने मागे लागलं, दोन्ही कुलुपांसकट. किल्ली मावशीच्या पर्समध्येच होती. ती मागे ठेवून येऊ का, असं तिने मला विचारलंही नाही.

आमच्या घरी आई दारातच उभी होती. तिने मावशीच्या हातातली बॅग घेतली आणि ती किती जड आहे ते बघून तिचे डोळे भरले. जेवणं झाल्यावर दोघी बहिणी पलंगावर पाय पसरून बसल्या. मी घडलेलं सगळं आईला सांगितलं, तिचा विश्वास बसेना.

"खरंच बोलले दोघं एकमेकांशी?" तिने मावशीला विचारलं.

"बोलले तर. आम्ही जिना उतरेपर्यंत बोलत होते."

"काय म्हणत होते गं शेवटी?"

"काय माहीत," मावशी म्हणाली. "मी ऐकलंच नाही." मग तिने आईचा हात हातात घेतला आणि दुखतंय ते नेमकं कुठे, असं विचारलं.